दसऱ्याच्या आधीचा फोटो

लग्नसराई संपली की एखाद्या नवीन पोराचा किंवा पोरीचा फोन येतोच, ताई मला शाळांचे फोटो सुरू करायचेत, आय-कार्ड, ग्रुप, नर्सरी, पाळणाघर असं सगळं, तर कुठला कॅमेरा घेऊ. मी म्हणते कॅमेऱ्याचं नंतर, आधी सांग तुझ्या भागातला वर्ग कुठल्या महिन्यात भरलेला असतो. समोरचं माणूस गोंधळतं. शाळा जूनमधे भरते आणि उन्हाळ्यात सुटते, यात विचारण्यासारखं काय आहे? पण मी बीड जिल्ह्यात काम करते आणि इथं ज्याला हे माहीत नाही त्यानं कितीही भारी लेन्स आणली तरी त्याच्या फोटोत शाळा पूर्ण येत नाही.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, गाडी येते, त्यात भांडीकुंडी, पीठ, अंथरूण-पांघरूण चढतं आणि कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लेकराबाळांसकट सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकात ऊसतोडीला जाते ती पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमधेच परत. काही लेकरं आजी-आजोबांकडं मागं राहतात, काही हंगामी वसतिगृहात, पण बरीच आईबापाबरोबर फडावर जातात. आणि शाळांचा सगळीकडचा रिवाज काय, तर ग्रुप फोटो जानेवारीत. गॅदरिंग असतं, ऊन कोवळं असतं, दहावीचा निरोप समारंभ जवळ आलेला असतो. पुण्या-मुंबईकडं ते बरोबरच आहे. इथं जानेवारीत फोटो काढला की पटावर नाव असलेली कितीतरी लेकरं त्यात नसतात, आणि वाईट हे की दरवर्षी तीच नसतात. तिसरी झाली, चौथी झाली, सातवी झाली, ऑफिसच्या भिंतीवर फोटो लागत गेले आणि त्यातल्या एकातही हे पोरगं नाही.

म्हणून माझं शाळांचं कॅलेंडर उसावर चालतं. गणपती उठले की दसऱ्याच्या आत सगळ्या जिल्हा परिषद शाळा उरकायच्या. यात पितृपंधरवडा येतो आणि काही ठिकाणी शिक्षक कुरकुरतात, मॅडम पक्षात नको, घटस्थापनेनंतर या. मी शांतपणे सांगते की सर, तोपर्यंत थांबलो तर तुमच्या वर्गातल्या कोण कोणाच्या घरी गाडी येऊन उभी राहील ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. हे म्हटलं की बहुतेक जण स्वतःच तारीख काढून देतात, कारण त्या लेकरांची काळजी त्यांनाही असतेच, फोटोच्या बाबतीत तसा विचार कोणी मांडलेला नसतो एवढंच.

जूनमधे काढा असंही काही जण म्हणतात. आय-कार्डची घाई असेल तर काढावेच लागतात, पण जूनचा फोटो मला आवडत नाही. गणवेश आलेला नसतो किंवा आलेला असला तरी बाह्या कोपरापर्यंत, पट अजून हलत असतो, पहिलीची लेकरं रडत असतात, पाऊस पडला तर केस ओले आणि वर्गात अंधार. शिवाय जूनमधे लेकरू बाईंनाच नीट ओळखत नाही तर मला काय ओळखणार.

आता सामानाचं. सुरुवातीला एक जुना पण धड कॅमेरा बॉडी, त्यावर ५० एमएमची साधी लेन्स, एक फ्लॅश, एक मोठी पांढरी छत्री, दोन स्टँड, एक स्टूल आणि बॅकग्राउंडचं कापड, एवढ्यात काम सुरू होतं. फ्लॅश सेलवर चालणारा घ्या. खेड्यातल्या शाळेत लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि असली तरी सॉकेट कुठल्यातरी कोपऱ्यात असतं, मग वायर पोरांच्या पायात. कापड पांढरं घेऊ नका. आपल्याकडं निम्म्या शाळांचा शर्ट पांढरा, पांढऱ्यावर पांढरं गेलं की खांदेच गायब होतात आणि मान हवेत तरंगल्यासारखी दिसते. फिकट निळं किंवा राखाडी घ्या. लेकरू कापडापासून चार-पाच फूट पुढं बसवा म्हणजे मागं सावली पडत नाही. सेटिंग मी एकदा लावते ते वर्ग संपेपर्यंत बदलत नाही, शटर १/१६०, एफ ५.६, आयएसओ ४००, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर. वर्गाच्या भिंती बोलक्या असतात, बाराखडी, पाढे, हिरवं झाड, निळं आभाळ, त्या रंगाची झाक चेहऱ्यावर येते, म्हणून जमलं तर व्हरांड्यात सावलीत मांडते. जमिनीवर खडूनं दोन पावलं काढून ठेवायची. लेकरू आपोआप त्यात पाय ठेवून उभं राहतं किंवा बसतं, सांगावं लागत नाही.

तांत्रिक बाजू एवढीच, आणि ती महिनाभरात येते. जे शिकायला वेळ लागतो ते म्हणजे एका लेकराच्या वाट्याला येणारं अर्धं मिनिट.

चाळीस पोरांचा वर्ग एका तासिकेत संपवायचा असतो, बाहेर पुढचा वर्ग रांगेत उभा असतो, सर घड्याळ बघत असतात. म्हणजे येणं-जाणं वगळून एका लेकराला जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. हे अर्धं मिनिट पूर्णपणे त्याचं असायला पाहिजे यासाठीच बाकीची सगळी तयारी. मी एक खरीखुरी दगडी पाटी जवळ ठेवते, बाई हजेरीतून नाव घेतात, लेकरू पाटीवर आपला हजेरी क्रमांक स्वतः लिहितं, पाटी छातीशी धरतं, पहिला क्लिक त्याचा. नंतर घरी हजारभर चेहरे समोर आल्यावर कोणाचा कोण हा घोळ होत नाही, हा झाला कामाचा फायदा. पण खरी गंमत पाटी खाली ठेवल्यावरची असते. हाताला खडू लागलेला असतो, लेकरू तो चड्डीला पुसतं, त्या नादात कॅमेरा विसरतं, आणि मी त्याचं नाव घेऊन विचारते की आज डब्यात काय आणलंय किंवा खिचडीत आज वाटाणा होता का. ते उत्तर द्यायला वर बघतं. तेव्हा क्लिक करायचं. उत्तर देऊन झाल्यावर चेहऱ्यावर जे क्षणभर राहतं ते स्माईल म्हटल्यावर कधी येत नाही. स्माईल म्हटलं की सगळी पोरं दात आवळून एकसारखंच करतात.

दातांवरनं सांगते. पहिली-दुसरीतल्या लेकरांचे पुढचे दात पडलेले असतात, आणि त्यांना ते फार लागलेलं असतं. घरी कोणीतरी बोळकं म्हणून चिडवलेलं असतं, म्हणून ओठ घट्ट मिटून बसतात. त्यांना हसायला लावू नका. मी विचारते, पडलेला दात उंदीरमामाला दिला का? कोणी सांगतं कौलावर फेकला, कोणी सांगतं आजीनं बिळात टाकला, एक मुलगी दप्तराच्या छोट्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेला दातच काढून दाखवायला लागली, आदल्या दिवशी शाळेतच पडला होता आणि घरी न्यायचा राहिला होता. तिनं तो तळहातावर ठेवून मला दाखवला आणि मी फोटो काढला. आय-कार्डला तो चालला नाही, हात मधे येत होता, कार्डासाठी दुसरा काढला. तिच्या आईला मात्र प्रिंट दातवालीच दिली. असं मिटलेल्या ओठांचं लेकरू मिटलेल्या ओठांनीच चांगलं दिसत असेल तर तसाच फोटो द्यावा, वयाच्या त्या वर्षाचा तोच चेहरा आहे.

आणि आता ज्या गोष्टीवर माझं शाळांशी सगळ्यात जास्त बोलणं होतं ती. "मॅडम, जरा गोरं करून द्या."

हे हेडसर म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, आयाही म्हणतात, आणि कोणाच्या मनात वाईट नसतं, आपल्या लेकरानं चांगलं दिसावं एवढंच असतं. पण यातला निम्मा प्रश्न आम्हा फोटोवाल्यांनीच तयार केलेला आहे. कॅमेरा ऑटोवर टाकला की तो पांढरा शर्ट आणि पांढरा पडदा बघून सगळंच अंधारं करतो, सावळं लेकरू काळंठिक्कर दिसतं, डोळे खोल जातात, मग तो चेहरा सॉफ्टवेअरमधे घासून घासून उजळ करायचा. त्यात गालावरची खळी, कपाळावरची कांजिण्यांच्या पुटकुळीची खूण, सगळं पुसलं जातं आणि लेकराचा मैद्याचा गोळा होतो. त्यापेक्षा लाइट चेहऱ्यासाठी लावा. छत्री मोठी, लेकराच्या जवळ, जरा वरून आणि चेहऱ्याच्या रोखानं, म्हणजे शर्टावर कमी पडतो. बाजूला एक साधा थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की दुसऱ्या गालावर उजेड परततो. सावळा रंग नीट उजेडात इतका सुंदर येतो की त्याला हात लावायची इच्छाच होत नाही. मी मोबाईलवर काढलेला फिल्टरवाला फोटो आणि माझा फोटो शेजारी ठेवून दाखवते आणि सरळ सांगते की मी रंग बदलून देत नाही. एका शाळेचं काम यापायी गेलंय, आणि मला ते परवडलं. सहा-सात वर्षांच्या पोरीला शाळेनंच दिलेल्या कार्डावर, गळ्यात रोज घालायच्या कार्डावर, दुसऱ्याच कुणाचा रंग देणं मला जमणार नाही.

पावडरचंही तसंच. फोटो आहे म्हणून आईनं पहाटे उठून तेल लावून वेणी घातलेली असते, रिबीन कडक, गालावर पावडर, काहींना तीट. फ्लॅशमधे पावडर चमकते हे खरं. पण लेकराचा गाल सगळ्यांसमोर पुसू नका, आईनं प्रेमानं लावलेलं असतं. लाइट मऊ केला की भागतं.

अगदी लहान लेकरांचं, म्हणजे अंगणवाडी, नर्सरी, पाळणाघर, हे वेगळंच काम आहे आणि मला स्वतःला तेच जास्त आवडतं. देशात अंगणवाड्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तिच्या कितीतरी आधी, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं होतं, आणि पाड्यावरची लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच लेकरांच्या अंगणात घेऊन गेल्या. तीन वर्षांच्या लेकराचा फोटो काढताना मला याचा फार उपयोग होतो. त्याला स्टूलवर आणून बसवायचं नाही. ते जिथं बसलंय, चटईवर, खिडकीखाली, ठोकळ्यांपाशी, तिथं आपण जाऊन मांडी घालून बसायचं. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय बारीक आणि नजर भेदरलेली येते. फ्लॅश शक्यतो नाहीच, खिडकीचा उजेड वापरायचा, सकाळी खाऊ झाल्यानंतर आणि दुपारच्या झोपेआधीचा वेळ धरायचा. झोपमोड झालेल्या लेकराचा फोटो जगात कोणाला जमत नाही.

पहिली पंधरा-वीस मिनिटं तर कॅमेरा बॅगेतच ठेवायचा. आठ-नऊ महिन्यांपासून पुढं लेकरांना अनोळखी माणसाची भीती वाटायला लागते, ते नैसर्गिक आहे. मग मी मावशींशी बोलत बसते, लेकराकडं बघतच नाही. मावशी हसून बोलतात म्हणजे ही बाई बरी असावी असं ते लेकरू आपल्यापाशी ठरवतं आणि रांगत रांगत माझ्या बॅगेपर्यंत येतं. लेन्सचं झाकण त्याच्या हातात द्यायचं. मावशींना माझ्या खांद्यामागं बसवायचं, त्यांनी नाव घेतलं की लेकरू वर बघतं ते थेट लेन्सच्या जरा वर, आणि त्या नजरेत ओळख असते. पाळणाघराच्या फोटोत जे हसू दिसतं ते त्या मावशींचं असतं, माझं नाही, म्हणून त्यांचाही एक फोटो मी लेकराबरोबर काढतेच आणि तो त्यांना देते. दिवसाचे आठ-नऊ तास लेकरू ज्यांच्या कडेवर असतं त्या बाईंचा त्याच्याबरोबरचा एकही धड फोटो कुठं नसतो.

पाळणाघरांची कामं छत्रपती संभाजीनगरला, वाळूज एमआयडीसीच्या बाजूला वाढली. २०१७ मधे मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आया-बाप दोघं शिफ्टला, मग वर्षातून एकदा तरी आपलं लेकरू दिवसभर कसं असतं ते बघायला मिळावं म्हणून असे फोटो मागतात. पोज नको म्हणतात. जेवताना, भांडताना, झोपताना काढा म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

इथं परवानगीचा विषय आलाच, आणि यात माझ्याकडं सूट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. फॉर्म मराठीत, एक पान. त्यात तीन वेगळ्या ओळी, फोटो पालकांना देण्यासाठी, शाळेच्या भिंतीवर लावण्यासाठी, आणि इन्स्टाग्राम-जाहिरातीसाठी. तिन्हीला वेगळी सही. एकच सही घेऊन सगळीकडं वापरणाऱ्या शाळा आहेत, त्यांना मी हा फॉर्म स्वतः छापून देते. माझ्या स्वतःच्या पेजवर मी लेकरांचे चेहरे टाकत नाही, काम मिळवायला प्रिंटचा अल्बम घेऊन हिंडते. बालगृहातल्या मुलांची तर ओळखच उघड करायची नाही, २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मधे ते स्पष्ट आहे, तिथला फोटो संस्थेच्या हातात प्रत्यक्ष द्यायचा, व्हॉट्सॲपवर नाही. वर्गात कायम बाई किंवा मावशी हजर पाहिजेत. कॉलर नीट करायची असेल तर मी हात लावत नाही, बाईंना सांगते किंवा लेकराला स्वतःला करायला सांगते. प्रिंट पोचल्या की मेमरी कार्ड रिकामं. नवीन येणाऱ्यानं हे पहिल्या दिवसापासून पाळलं तर शाळा पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावते, कारण हेडबाईंना रात्री झोप लागते.

ग्रुप फोटोबद्दल फार सांगत नाही. बाक वर्गातलेच, मागची रांग बाकावर उभी, मधली जमिनीवर उभी, पुढची खुर्च्यांवर नाहीतर सतरंजीवर, एफ ८, फोकस दुसऱ्या रांगेवर, दुपारचं ऊन टाळायचं. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं, तीन म्हटल्यावर उघडायचे, तेव्हा क्लिक, म्हणजे मिटलेले डोळे कमी येतात. तरी आठ-दहा काढायचेच. आणि डावीकडून नावं तिथंच लिहून घ्यायची, उद्यावर टाकलं की बाईंनाही आठवत नाही.

पैशाचं बोलते आणि थांबते. यूट्यूबवर शिकणारी पोरं अमेरिकेतलं बघतात. तिकडं हा मोठा धंदा आहे, लाइफटच नावाची कंपनी मिनियापोलिसमधे १९३६ साली सुरू झाली ती अजून शाळांचे फोटो काढते. तिकडं पालक आधी पाकीट भरून देतात, कुठलं पॅकेज पाहिजे, किती प्रती, आणि ज्यानं जेवढे पैसे भरले तेवढं त्याला मिळतं. हीच पद्धत इकडं आणलेली मी एका शाळेत बघितली. बाई वर्गात पाकिटं वाटत होत्या, एकाला मोठी फ्रेम, एकाला चार प्रती, आणि मागच्या बाकावरच्या पाच-सहा जणांना काहीच नाही, कारण घरून पैसे आले नव्हते. ती पोरं वही उघडून त्यात बघत बसली. फोटो मात्र त्यांचाही काढलेला होता, फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमधे पडून.

मी पालकांकडून पैसे घेतच नाही. शाळेला एकच आकडा सांगते, पटावरच्या सगळ्या नावांचा मिळून, आय-कार्ड, ग्रुपची एक प्रत आणि प्रत्येकाची स्वतःची ४ बाय ६ ची एक प्रिंट त्यात धरून. मोठ्या खासगी शाळेकडून मार्जिन जास्त ठेवते, वस्तीवरच्या शाळेकडून कागद-शाईपुरतं, आणि वर्षाचा हिशोब जमतो. जिल्हा परिषद शाळेत हेडसरांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीपुढं एकदा बसायचं, तिथं पालकच असतात, त्यांना प्रिंट हातात देऊन दाखवली की पैसे कुठून उभे करायचे ते तेच बघतात, कधी ग्रामपंचायत देते, कधी गावातला एखादा दुकानदार. ज्या लेकराला जास्तीच्या प्रती पाहिजेत त्याच्या घरचे नंतर स्टुडिओत येऊन घेतात, वर्गात त्याचा विषय निघत नाही. कोटेशनमधे मी एक ओळ घालते, पटावरच्या प्रत्येक नावाला प्रिंट मिळेल आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी पंधरा दिवसांत परत येईन. सुरुवात करणाऱ्यानं ही ओळ पहिल्याच कोटेशनमधे लिहावी आणि वाटाघाटीत आकडा कमी करायची वेळ आली तर मोठ्या फ्रेमा काढाव्यात, मेमेंटो काढावेत, बाकी काय वाटेल ते काढावं, ही ओळ ठेवावी. एखादी शाळा त्यालाही नाही म्हणाली तर पुढच्या गावाला जावं, शाळा भरपूर आहेत.